चादरीचं दुसरं टोक

समोरच्या गच्चीवर दोघीजणी ओली सोलापुरी चादर पिळत होत्या. एक या अंगाला पीळ देत होती, दुसरी उलट अंगाला, आणि मधून पाण्याची धार लागली होती. दोघींनी एकाच अंगाला फिरवली असती, तर चादर नुसतीच गरगरली असती.

शेजारची शैला आणि मी वीस वर्षं अशाच चादरी पिळल्या. गेल्या महिन्यात मी म्हणाले, "आता युद्ध व्हायलाच हवं." तिचा मुलगा सैन्यात. ती म्हणाली, "तुझ्या घरातलं कोण जाणार आहे?" तेव्हापासून बोलणं बंद. मी चादर नळाला गुंडाळून एकटीच पिळते आणि ती दिवसभर ठिबकत राहते. मतं जुळलीच पाहिजेत, हा हट्ट आमच्यात शिरला कधी?

मी बादली उचलली आणि तिची बेल वाजवली.

"मत बदललंस?"

"नाही."

"मीही नाही." तिनं पदर खोचला. "दे ते टोक इकडे."

तिच्या गॅलरीत आम्ही जीव खाऊन पीळ दिला. पाणी असं कोसळलं, की खालून कुणीतरी ओरडलं.

आम्ही आणखी एक पीळ दिला.