मिलिंदची आई

कुणी त्या खुन्याचं नाव काढलं, की कुसुमताई शांतपणे विचारायच्या, “आणि गेले ते कोण?” मग त्या स्वतःच चौघांची नावं सांगायच्या. शेवटचं मिलिंदचं, त्यांच्या मुलाचं.

नाशिकरोडला आम्ही शेजारी. मिलिंद इगतपुरीला रेल्वेत कामाला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका संध्याकाळी गाडी चुकली म्हणून तो हायवेवर उभा राहिला आणि एकट्यादुकट्या प्रवाशांना मारून लुटणाऱ्या माणसाच्या मोटारीत बसला.

त्या माणसाला फाशी सुनावली, त्या दिवशी एक वार्ताहर घरी आला. ताईंनी चहा दिला, मिलिंदबद्दल भरभरून सांगितलं. त्याला शेवटपर्यंत पोहता आलं नाही, बहिणीच्या लग्नात तो वाढप्यांबरोबर राबला, भांडण सुरू झालं की त्यालाच आधी हसू फुटायचं. वार्ताहर म्हणाला, “ते ठीक आहे मावशी, पण त्याला कोर्टात बघून तुम्हाला काय वाटलं?”

दुसऱ्या दिवशी अर्धं पान खुन्याचंच. त्याचे पांढरे बूट, गझलांचं वेड, निकाल ऐकतानाचं हसू. मिलिंद एका ओळीत, ‘चौथा बळी’.

“माझ्या मुलाच्या पायात काय होतं, ते कुणी विचारलं का?” ताई म्हणाल्या. त्या संपादकांनाही भेटून आल्या. “लोक तेच वाचतात हो,” असं तिथे त्यांना समजावण्यात आलं.

काही वर्षांनी एका वाहिनीने त्या खुन्यावर मालिका काढली. त्याच गणपतीत आमच्या भागातल्या मंडळाने त्याचा जिवंत देखावा बसवला. शेवटी पोलीस त्याला पकडतात, म्हणून तो समाजप्रबोधनाचा ठरला. गॉगल लावून तो मोटारीतून उतरला की गर्दी शिट्ट्या मारी. मी नको म्हणत असतानाही ताई गेल्या. सगळा देखावा उभ्याने पाहिला. मग एका कार्यकर्त्याला विचारलं, “यात मिलिंद कोण झालंय?”

तो अवघडला. “काकू, तसं काही ठरलेलं नाय. मेलेल्यांना डायलॉगच नाहीत ना. जो मोकळा असेल तो आडवा पडतो.”

देखाव्याला बक्षीस मिळालं. ताईंनी त्यानंतर कुणाला काही विचारलं नाही. कुणी त्या खुन्याचा विषय काढला, तर त्या नुसत्या ऐकत राहायच्या.

शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्या म्हणाल्या, “डोळे मिटून मिलिंदला आठवायला जाते, तर आधी तोच येतो. त्याला बाजूला सारेपर्यंत मी दमून जाते गं.”

मी त्यांचा हात धरून बसून राहिले. पुढच्या आठवड्यात ताई गेल्या.