किलोनं आणलेले पैसे

फोन ताईचाच होता. पहाटेची कामं आटोपून मी जऊळक्याला माझ्या घरी शाळेचा डबा भरत होते. ताई म्हणाली, "तुह्ये भाऊजी गेले. मेथी उतरोता उतरोता खाली बसले ते बसलेच. तू ये." एवढंच बोलली आणि फोन ठेवला. रडणं नाही, धाप नाही. एक शब्दही अडखळला नाही. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी जीपमध्ये बसले होते आणि शेलूबाजार जवळ आलं होतं. तीन वर्षांपूर्वी याच बहिणीला स्वतःचं नावसुद्धा नीट सांगता येत नव्हतं.

नामदेवभाऊजींना जाऊन आता दीड महिना झाला. शेलूबाजारात त्यांना सगळे ओळखत ते भाजीवाले म्हणून. गावाला लागून दोन एकर विहिरीचं वावर. त्यात वांगी, मेथी, पालक आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. माझी थोरली बहीण कुसुम या घरात दिली तेव्हा मी शाळेत होते. मेहुणीची थट्टा करणारे भाऊजी मैत्रिणींना होते, मला नव्हते. हे आपले विचारायचे, "जेवली काय?" आणि उत्तराची वाट न बघता वावरात जायचे. मजुरांवर आवाज चढवायचे. गिऱ्हाइकाशी मात्र गोड. वजनाला पक्के, पण वजन झाल्यावर चार काड्या सांबार वरून टाकायचे, तेही तोंड वाकडं करून. ताईला कधी चार शब्द प्रेमानं बोललेले मी तरी ऐकले नाहीत. तीही त्यांना तसंच उत्तर द्यायची, आणि दोघांचा संसार ठीक चालला होता. मुलगा प्रवीण पुण्याला नोकरीला लागला होता.

मग एका उन्हाळ्यात ताईला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय, जीभ. अकोल्याच्या दवाखान्यात जीव वाचला. पाय हळूहळू टेकायला लागला. हात मात्र ओल्या दोरासारखा लोंबत राहिला. बोलायची तर शब्द तोंडातच विरघळायचे. ताईसारख्या बाईला ते सोसवेना. दिवसभर बोटं चालवणारी बाई ती. बोलता बोलता मेथीच्या शंभर जुड्या बांधून टाकायची. आता खाटेवर पडून छताकडे बघायची. जेवण अर्धं टाकायची. एकदा माझ्यादेखत भाऊजींना म्हणाली, शब्द तोडत, "मले... इहिरीत लोटून द्या." मी हादरले. भाऊजी चूल फुंकत होते. मान वर न करता म्हणाले, "इहिरीचं पाणी भाजीले लागते."

चूल फुंकणं हेही नवीनच होतं. जन्मात ज्यांनी पाण्याचा गिलास स्वतः घेतला नाही, ते भाकरी थापायला शिकले. त्या भाकरीला कड कोणत्या बाजूला आहे ते कळायचं नाही. तिचे केस विंचरून द्यायचे. वेणी येईना, म्हणून मेथीच्या जुडीसारखी सुतळी गुंडाळून टाकायचे. ताई आरशात बघायची आणि डोळे मिटायची. शेजारच्या बाया मदतीला यायच्या, पण भाऊजींना ते फारसं आवडत नसावं. "मी हाओ ना," म्हणायचे.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक डॉक्टरीणबाई होती. तिनं सांगितलं, एका वाटीतले दाणे उजव्या हातानं उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, रोज. भाऊजींनी घरी आल्याबरोबर तुरीचे दाणे पुढे ठेवले. पहिल्या दिवशी ताईनं पाच-सहा वेळा प्रयत्न केला. एकही दाणा चिमटीत येईना. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं वाटी भिरकावली. "जलमभर... दाणेच निवडले. आता दवाई म्हून बी... दाणेच?" भाऊजींनी घरभर पसरलेली तूर झाडून गोळा केली.

पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर अकोल्याला गेले होते. ताईला आणि मला बाकावर बसवून भाऊजी औषधं आणायला गेले, ते बऱ्याच वेळानं आले. हातात कापडी पिशवी, आणि पिशवी चांगलीच जड. बसमध्ये बसल्यावर त्यांनी सांगितलं. औषधाच्या दुकानाच्या बाजूला जुन्या नाण्यांचं एक दुकान होतं. काचेच्या आत राजेरजवाड्यांची, चांदीची नाणी, आणि दाराशी एक उघडी गोणी, नाण्यांनीच भरलेली. यांनी विचारलं, हे कायचे? दुकानदार म्हणाला, बाहेरच्या देशांचे, आता कुठं चालत नाहीत, शौकवाल्यांना नकोत, म्हणून किलोनं देतो. ही गोष्ट भाऊजींनी नंतर गावात कितीतरी जणांना सांगितली. "आपण भाजी किलोनं इकतो अन् पैसे घेतो. थो पैसेच किलोनं इकून राह्यला." सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दरवेळी तेच नवल असायचं.

घरी येऊन त्यांनी खाटेवर गोधडी दुहेरी घातली, तिच्यावर पितळी परात ठेवली आणि पिशवी उपडी केली. मोठी मोठी, जाड, काही पिवळी, काही पांढरी नाणी. एकावर बैल, एकावर जहाज, एकावर मुकुट घातलेली बाई. ताईनं बघितलं आणि तोंड फिरवलं. "मी काय... लेकरू हाओ?" भाऊजी म्हणाले, "तुह्यासाठी नाई आणले. मले पाहाचे हायेत." आणि खरंच मांडी घालून बघत बसले. दुपारी विहिरीवरची लाईट गेली की ते वावरातून यायचे आणि परात घेऊन बसायचे. ताई छताकडे, हे परातीकडे.

किती दिवस असं चाललं माहीत नाही. मी आठवड्यानं गेले तेव्हा ताई उशाला टेकून बसली होती आणि परातीतल्या एका नाण्याकडे बोट दाखवत होती. त्याच्या मधोमध भोक होतं. "याले... भोक काहून?"

"करदोड्यात ओवाले असन," भाऊजी म्हणाले.

"पैशे... करदोड्यात?"

"चोरीले जात नसन मंग."

ताई हसली. वाकडं हसली, पण लकव्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग ती डाव्या हातानं ते नाणं घ्यायला गेली, तर भाऊजींनी परात उजवीकडे सरकवली. "त्या हातानं." ताईनं त्यांना अशी एक शिवी दिली की मला बाहेर जावं लागलं. शिवी मात्र अख्खी, न अडखळता आली.

पुढे त्या दोघांचा तो रोजचाच उद्योग झाला. प्रवीण दिवाळीला आला तेव्हा मोबाईलमध्ये फोटो काढून कोणतं नाणं कोणत्या देशाचं ते सांगायला लागला. म्हणाला, देशाप्रमाणे वेगळे करा. ताईला ते पटलं नाही. तिचे ढीग वेगळे होते. जनावरं, पाखरं, पिकं, राजेलोक आणि भोकाचे. पिकांचा ढीग भाऊजींचा लाडका. गव्हाची लोंबी, मक्याचं कणीस, केळीचा घड असं काय काय त्या नाण्यांवर असायचं. एका नाण्यावरचं कणीस ज्वारीचं की दुसऱ्या कशाचं यावर त्यांनी शेजाऱ्यालाही बोलावून विचारलं होतं. आणि भांडणं! एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला करकोच्यासारखा पक्षी, असलं नाणं कुठं ठेवायचं?

"राजाच्या नावानं पैसा चालते. राजात टाक."

"मेला असन थो राजा. पाखरू चांगलं हाये. पाखरातच राहीन."

नाणं पाखरातच राहायचं. भाऊजी हरायचे, कारण उचलून ठेवणारा हात तिचा होता. दर दोन महिन्यांनी तपासणीला गेले की परतताना पिशवी असायची. परातीच्या बाजूला डबे वाढत गेले. गावात कुणी म्हणायचं, नामदेवला येड लागलं, बायकोच्या दवाईत पैसा चालला अन् हा न चालणारे पैसे घेऊन येते. भाऊजींनी कुणाला समजावलं नाही.

ताईचं बोट कधी वळलं, चिमूट कधी जमली, हे नेमकं सांगता येणार नाही. एका संक्रांतीला तिनं स्वतःच्या ब्लाऊजचे हुक लावले. मग फुलवाती वळल्या. मग एक दिवस मेथीचा ढीग पुढे ओढला आणि जुडी बांधून भाऊजींपुढे धरली. मी होते तिथं. मला वाटलं, हा माणूस आता तरी काही बोलेल. त्यांनी जुडी हातात घेतली, हलवून पाहिली. "ढिली हाये. गिऱ्हाइकाच्या हातात उकलन." ताईनं जुडी हिसकावून घेतली आणि पुन्हा आवळली. मला राग आला होता. पण ताईचा चेहरा बघितला तर तो खुलला होता. कितीतरी दिवसांनी कुणी तिच्या कामात खोट काढली होती. पेशंटच्या कामात कुणी खोट काढत नाही.

भाऊजींची तेरवी झाली. प्रवीण आईला पुण्याला चल म्हणाला. ती म्हणाली, वांगी तोडणीला आली आहेत. तिची तपासणीची वेळ आली तेव्हा मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर अकोल्याला गेले. दवाखान्यातून निघाल्यावर ती बसस्टँडकडे वळलीच नाही. "थे दुकान पाहू," म्हणाली. इतक्या वर्षांत ती तिथं कधी गेली नव्हती. भाऊजी तिला बाकावर बसवून एकटेच जायचे.

दुकान अगदी लहान. चष्मा लावलेला पन्नाशीचा दुकानदार काचेमागे बसला होता. ताईनं विचारलं, "इथं पैसे किलोनं भेटतात ना?" त्यानं मान वर केली. "किलोनं मागणारे आमचे एकच आहेत, शेलूबाजारचे दादा. तुम्ही त्यांच्याकडच्या काय?"

"बायको हाओ मी त्याइची."

"अरे वा. बसा, बसा. दादा नाही आले?"

ताईनं सांगितलं. दुकानदार उठला. मग आतून दोन खुर्च्या आणल्या, पाणी आणलं. म्हणाला, "माणूस खडूस होता बरं का. पहिल्या दिवशीच भांडला माझ्याशी. गोणी उपसून बसला आणि बारीक नाणी सगळी बाजूला काढायला लागला. मी म्हटलं, किलोचा माल मिक्स असतो, निवडून नाही मिळणार. तर म्हणतो कसा, मी गिऱ्हाइकाले वांगे निवडू देतो, तुमी काहून नाही देत? मोठीच पाहिजेत म्हणे, बारीक तिच्या बोटात येणार नाहीत. पुढच्या खेपेला आले, त्यापेक्षा जरा लहान निवडली. मग आणखी लहान. दरवेळी तासभर इथं जमिनीवर बसून निवडायचे. नंतर नंतर मीच काढून ठेवायला लागलो."

मी ताईकडे बघितलं. घरी आम्ही सगळे समजत होतो की गोणीत हात घातला आणि येतील ती आणली. ताई गोणीकडे बघत होती. मग म्हणाली, "मले वाटे, दुकानातले मोठे सरले."

दुकानदारानं टेबलाखालून एक डबा काढला. या खेपेसाठी काढून ठेवलेली नाणी. सगळ्यात बारीक, काही तर शर्टाच्या गुंडीएवढी. "घेऊन जा. पैसे राहू द्या," तो म्हणाला. ताईनं डबा त्याच्याकडे परत सरकवला. "वजन करा." त्यानं वजन केलं. काटा स्थिर होईपर्यंत ती बघत राहिली. पैसे देताना तिच्या तोंडून निघून गेलं, "वरून चार टाका की." दुकानदारानं मूठभर टाकली.

परवा मी शेलूबाजारला गेले होते. लाईट गेली होती, बाईमजूर जेवायला बसल्या होत्या. ताई खाटेवर मांडी घालून बसली होती. ती बारीक नाणी अजून तिच्या चिमटीत नीट येत नाहीत. उचलली की निसटतात, गोधडीच्या घडीत जातात, खाटेखाली पडतात. मी वाकून एक उचलून द्यायला गेले, तर म्हणाली, "राहू दे. माह्यं मी उचलतो." ती खाली उतरली, जमिनीवर बसली आणि नाण्याच्या कडेखाली नख घालायला लागली. नाणं सरकलं. पुन्हा घातलं. पुन्हा सरकलं.

"लय बारीक आहेत गं," मी म्हटलं.

"येतीन," ती म्हणाली.