फॉर्मातला अकरावा प्रश्न

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत मी एका संस्थेच्या पाहणीचे फॉर्म भरत घाटंजी तालुक्यात फिरत होते. अकरावा प्रश्न असा होता: घरात कोणी अपंग आहे का? असल्यास प्रकार: आंधळा, बहिरा, मुका, लंगडा.

एका घरी चाळिशीच्या बाई नुकत्याच वेचणीवरून आल्या होत्या. लहानपणीच्या तापात त्यांचा उजवा पाय वाळला होता. गुडघ्यावर हात दाबून चालायच्या. शेजारणीही येऊन बसल्या. अकराव्या प्रश्नाला बाईंनी "नाही" म्हटलं. मला वाटलं, त्यांना प्रश्न समजला नाही. मी त्यांच्या पायाकडे बघत पर्याय मोठ्यानं वाचले आणि 'लंगडा'वर खूण केली.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमाले चष्मा हाये. तुमी सोताले आंधळ्यात लिवता का?"

पुढच्या एकाही प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. बाहेर पडल्यावर एका शेजारणीनं सांगितलं, पायाचं तर साऱ्या गावाला माहीत आहे, पण कागदावर 'अपंग' लागलं तर शेतमालक वेचणीला बोलावणार नाहीत, अशी त्यांना धास्ती आहे. मला माझीच लाज वाटली.

आमच्या पर्यवेक्षक बाईंना मी झालेलं सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी इतर गावांचे फॉर्म काढून पाहिले, तर तिथंही बहुतेक 'नाही'च होतं. दोन आठवड्यांनी प्रश्न बदलून आला: चालायला किंवा पायऱ्या चढायला अडचण येते का? थोडी, खूप, की जमतच नाही?

मी पुन्हा त्याच घरी गेले. आधी माफी मागितली. बाईंनी पाणी दिलं आणि प्रश्न ऐकून घेतला.

"चालाले काई नाही. दिवसभर वेचतो ना मी," त्या म्हणाल्या. मग स्वतःहून, "दवाखान्याच्या पायऱ्यांले कठडा नाही. तिथं कोनी हात धरला तरच जमते."

बसची पहिली पायरीही उंच पडते, म्हणून बाजाराला जाणं सोडलं, असंही त्यांनी सांगितलं. तीन रकान्यांपैकी एकातही हे बसेना. मी फॉर्मच्या पाठीमागे लिहिलं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

आकडे उतरवताना पाठीमागचं कोणी पाहिलंच नाही. मी पर्यवेक्षक बाईंच्या मागे लागले, तेव्हा पुढच्या पाहणीत 'अडचण कुठे येते?' अशी एक कोरी ओळ आली. दवाखान्याचा कठडा मात्र मी ते काम सोडेपर्यंत लागला नव्हता.