दाराआडची संमती

११ नोव्हेंबर. पाण्याची टाकी धुण्याचा ठराव जिन्यात वाचायचा होता. भर दुपारी आमच्या चिकलठाण्याच्या इमारतीत फिनेलचा वास आणि बंद दारं एवढंच असतं. शब्द वर जातात आणि जरा उशिरानं, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात खाली येतात. सोसायटीची सचिव म्हणून हे काम माझं. सभेला न आलेल्यांसाठी प्रत्येक मजल्यावर ठराव मोठ्यानं वाचायचा, थोडं थांबायचं, आतून हरकत आली नाही तर संमती धरायची. रीत जुनी आहे, सोयीची आहे. शांततेचा अर्थ किती सहज लावतो आपण.

तिसऱ्या मजल्यावर मात्र माझं वाचून संपायच्या आतच शेजारच्या कुसुमवहिनींचा आवाज येतो, "हरकत हाय." मग कडी वाजते, दार उघडतं, त्या माझ्या तोंडाकडं नीट बघतात नि म्हणतात, "आता नाय. धुवा टाकी."

महामारीच्या साली वहिनी दवाखान्यात होत्या आणि त्यांचे यजमान, दिनकरभाऊ, याच दाराआड एकटे, विलगीकरणात. तेव्हाच्या सचिवांनी बाहेरच्या कुणालाही आत न सोडण्याचा ठराव नाकाला रुमाल बांधून इथंच वाचला. मी समोर माझ्या दारात उभी होते. आतून पंख्याची घरघर येत होती. सचिव थांबले, मान हलवली, वर गेले. ठराव एकमतानं मंजूर झाला. संध्याकाळी फोन उचलेनात म्हणून दार फोडलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, भाऊ सकाळीच गेले होते. त्यांचंही मत त्या एकमतात होतं. अजून तिथं थांबले की दाराच्या भिंगाआड एकाऐवजी दोन माणसं श्वास रोखून ऐकताहेत असं वाटतं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण त्या पायरीवर आवाज चढवून वाचते.

त्या दुपारी चहा घेताना मी वहिनींना पेपरात वाचलेलं सांगितलं. साथींबद्दलच्या जागतिक नियमांत कुठलाही बदल झाला की जो देश मुदतीत हरकत घेत नाही त्याची संमती धरतात. आपल्याकडं हरकत घ्यायची की नाही, ते सरकार ठरवतं. संसदेला आधी विचारलंच पाहिजे असं बंधन नाही. नियम वाईटच असतील असं नाही, भाऊंच्या दाराशी त्यांचा संबंधही नव्हता, हेही सांगितलं.

वहिनींनी कप खाली ठेवला. "म्हंजे एवढ्या मोठ्या देशाच्या दाराशी बी असंच वाचत्यात?"

"असंच."

"आन् आत कोण जित्तं हाय, ते कोण बघतंय?"

"खरं तर ते काम संसदेचं."

"मंग उद्या चल. खासदाराचं दार वाजवू."

पुढच्या वेळी कुणाच्या गप्प राहण्यावर देशाचा होकार उभा राहू नये, एवढं वहिनींना डोळे मिटायच्या आत पाहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही क्रांती चौकाजवळच्या खासदारांच्या कार्यालयात गेलो. साहेब दिल्लीला होते. त्यांच्या सहायकाला मी एकच विचारलं: असा पुढचा बदल आला, तर मुदत संपायच्या आत साहेब तो सभागृहापुढं ठेवायची मागणी करतील का? तो मोबाईलकडं बघत राहिला.

"गप नको बसू बाबा," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात गप बसणाऱ्याचा व्हय धरत्यात."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "साहेबांना विचारावं लागंल, मावशी."

"मग लाव फोन," मी म्हटलं, आणि दोन खुर्च्या त्याच्या टेबलासमोर ओढल्या.