आरशात दिसलेली गाठ

लातूरला गंजगोलाईजवळ माझं भांड्यांचं दुकान आहे. स्टीलच्या तांब्यांवर लोकांची नावं कोरून देण्यात उभा जन्म गेला. दारू कधी शिवली नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडही नाही. त्यामुळे मागच्या वर्षी उजव्या बरगडीखाली जड-जड वाटायला लागलं, तेव्हा पित्त असेल म्हणून मी बरेच दिवस ओवा चघळत बसलो. शेवटी बायकोनं ओढून सोनोग्राफीला नेलं. तिथून पुढं नांदेडला मुलीकडं गेलो. मुलगी तिथं शाळेत शिकवते. सुई घालून पोटातला तुकडा काढला, तपासायला पाठवला. चार दिवसांनी शाळेतून आल्या आल्या मुलगी माझ्यासमोर बसली.

"अप्पा, लिवरवर एक गाठ हाय. साधी हाय. हैदराबादला नवीन मशीन आलीय, तिच्यात गाठ विरघळवतात. कापाकापी न्हाई."

"मुतखडा फोडतात तसं?"

"हाव, अगदी तसंच."

आमच्या शेजारच्या कापडवाल्याचा मुतखडा असाच मशिनीनं फोडला होता, दुसऱ्या दिवशी तो गल्ल्यावर बसला. मी निर्धास्त झालो. आता कुणी विचारतं, "तुम्ही शिकलेले, तुम्हाला कसं कळलं न्हाई?" काय सांगू? मुलीनं समजावून सांगितलं की बाप दुसरं काही विचारत नसतो. ती बोट ठेवील तिथं मी सही केली. हैदराबादच्या दवाखान्यातल्या पाट्या इंग्रजीत आणि तेलुगूत होत्या, त्या मी वाचल्याच नाहीत.

आमच्याकडं मशिनीनं शेक देणं, लाईट देणं म्हटलं की गल्लीतल्या पोरालाही कळतं काय झालंय ते. मुलीनं ते शब्द कटाक्षानं टाळले होते, हे नंतर लक्षात आलं.

पहिल्या खेपेला मापं घेतली आणि श्वास रोखायची तालीम करून घेतली. गाठ श्वासाबरोबर खालीवर होते, म्हणून श्वास रोखायचा, एवढं सांगितलं. दुसऱ्या खेपेला खरं काम सुरू होणार होतं. एक दिवसाआड, पाच वेळा.

त्या सकाळी अंगावरचं सगळं काढायला लावलं. अंगठी, करदोडा, चष्मा. मग तिथली मुलगी गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं बोट दाखवून म्हणाली, "ये भी, चाचा." डबीत माझं इष्टलिंग. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून ते अंगावेगळं केलेलं नव्हतं. मी म्हटलं, हे नाही निघणार. ती म्हणाली, आत मोठा लोहचुंबक आहे, आत काहीच नेता येत नाही. शेवटी बायको पुढं झाली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि म्हणाली, "द्या माझ्याकडं. मी खाली ठेवणार न्हाई." मी शिवदोरा डोक्यावरून काढला. गळा एकदम रिकामा वाटला.

आत एक मोठी पांढरी मशीन होती, मधोमध बोगद्यासारखं भोक. मला फळीवर झोपवलं, हात डोक्यावर, कानात हेडफोन, मुठीत एक रबरी फुगा, काही झालं तर दाबायला. डोळ्यांवर आरसे लावलेला चष्मा चढवला. फळी आत सरकली. मग ठोकाठोक सुरू झाली, तांबट आळीत पत्र्यावर हातोडे पडतात तशी. त्या आवाजाची मला सवय आहे, त्याचं काही वाटलं नाही. तसंच बराच वेळ पडून राहिलो. पोटातली आतडी रोज जागा बदलतात म्हणे, म्हणून डॉक्टर दर वेळी नवा फोटो काढून त्यावर पुन्हा रेघा आखत होते.

मग आरशात एक पडदा उजळला. करड्या रंगात काहीतरी हलत होतं, पाण्याखालच्या शेवाळासारखं. हेडफोनमध्ये एका तरुणाचा आवाज आला. सकाळच्या मुलीच्या जागी आता तो बसला होता.

"चाचा, सामने देखो. हरी लकीर दिखरी? उसके पास जो काला गोला है ना, वो आपका कॅन्सर है. सांस लिए तो वो नीचे जाता. सांस रोके तो लकीर के अंदर आके बैठता. अंदर बैठा तोच मशीन चलेगी. समझे?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, "किसका कॅन्सर?"

"आपकाच, चाचा. और किसका?"

सहज बोलला तो. त्याला वाटत होतं मला माहीत आहे. त्याची काय चूक?

माझ्या छातीत धाडधाड सुरू झालं. आणि ते मला दिसत होतं. पडद्यावरचा काळा गोळा उड्या मारायला लागला. हिरव्या रेघेच्या बाहेर, आत, पुन्हा बाहेर. मी घाबरलो की तो नाचायचा, तो नाचला की मी आणखी घाबरायचो. माणसाला धक्का बसतो तेव्हा आत काय होतं, ते मी त्या आरशात डोळ्यांनी बघितलं. फुगा दाबावा असं वाटलं. पण दाबून काय करणार होतो? बाहेर जाऊन कुणाला काय विचारणार होतो?

"चाचा, बहुत हिल रहा. मशीन रुकी है. आराम से. कोई जल्दी नहीं."

मशीन खरंच थांबली होती, माझी वाट बघत. मी डोळे मिटले तर आवाज आला, "आंख खोलो चाचा, देखे बगैर नहीं होता." म्हणजे बघायलाच लागणार होतं. मी मनात 'ओम नमः शिवाय' म्हणायला लागलो. ओमला श्वास घेतला आणि धरला. गोळा हळूहळू खाली सरकला, रेघेत शिरला, थरथरला, थांबला. कसलीशी घरघर सुरू झाली. माझा मरणारा गोळा आणि मी, दोघं एकमेकांकडं बघत श्वास धरून पडलो होतो. श्वास सुटला की घरघर बंद, धरला की चालू. किती वेळ गेला सांगता येत नाही.

कपडे चढवून बाहेर आलो. बायको बाकावर तशीच ओंजळ धरून बसलेली. मुलगी औषधं आणायला गेली होती. मी मनाशी ठरवलंच होतं, बायकोला विचारायचं, तूसुद्धा माझ्याशी खोटं बोललीस? तेवढ्यात बायकोनं तोंड वर केलं.

"विरघळली का हो थोडी?"

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिलो. तिलाही माहीत नव्हतं! पोरीनं आईलाही अंधारात ठेवलं होतं. आणि मी, जो आतून संतापून बाहेर आलो होतो, म्हणालो, "हाव, विरघळायलीय."

तिनं शिवदोरा माझ्या गळ्यात घातला. समोरून मुलगी येत होती. माझा चेहरा बघून ती तिथंच थांबली. औषधांची पिशवी छातीशी धरली. मी पुढं होऊन पिशवी तिच्याकडून घेतली आणि चालायला लागलो. उरलेल्या चार वेळा आम्ही दोघांनी मिळून तिच्या आईला फसवलं.

शेवटची खेप झाली आणि रेल्वेनं नांदेडला आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी शाळेत, जावई कामावर. बायको कोथिंबीर निवडत होती. तिच्याशी आणखी खोटं बोलवेना, मी सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती कोसळेल, मी पाणीसुद्धा जवळ घेऊन बसलो होतो. तिचे हात थांबले. तिनं जुडी बाजूला ठेवली.

मग विचारलं, "कुणाकुणाला ठावं होतं?"

संध्याकाळी मुलगी आली, तिला समोर बसवून बायकोनं एकेक नाव वदवून घेतलं. जावई. उदगीरचा माझा मेहुणा. शेजारचा कापडवाला. आणि माझा धाकटा भाऊ.

भाऊ! तो आणि मी कित्येक वर्षं बोलत नव्हतो. हैदराबादला निघायच्या आधी तो अचानक घरी आला, पाया पडला, माझ्या ताटात जेवला. मी किती खूश झालो होतो. सगळ्यांना सांगत सुटलो होतो की वय झालं की माणूस शहाणा होतो. आणि तो माझं शेवटचं दर्शन घेऊन गेला होता! आरशातला गोळा बघून जेवढा हादरलो नव्हतो तेवढा मी त्या क्षणी हादरलो. भिंतीला टेकून बसलो.

बायको मुलीला म्हणाली, "म्हंजे समद्या गावाला ठावं. आमी दोघंच तेवढे खुळे."

"आई, तुम्ही खचला असता..."

"खचलो असतो तर खचलो असतो. आमचं आमी बघितलं असतं."

मुलगी रडायला लागली. बायको उठली नाही, तिला जवळ घेतलं नाही. दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मी तिसऱ्या दिवशी भावाला फोन लावला.

"तुला ठावं होतं म्हणून आलतास का?"

तो मग बारीक आवाजात, "हाव दादा."

"मी जगलो तर काय करशील? परत बोलणं बंद?"

पलीकडं तो हसला की रडला, कळलं नाही. पुढच्या रविवारी मात्र तो बायकोपोरं घेऊन नांदेडला हजर झाला.

काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांचा फोन मुलीच्या मोबाईलवर आला. बायकोनं तिच्या हातातून तो घेतला, आवाज मोठा केला आणि सांगितलं, "डॉक्टरसाब, जो बी हाय, हमारे सामने बोलो."

डॉक्टर म्हणाले, गाठीचा आता डाग राहिलाय, आत जिवंत काही दिसत नाही. पण दर थोड्या महिन्यांनी बघायला लागेल. परत उगवू शकते.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "उगवली तर आमालाच आधी सांगायचं," ती म्हणाली. मग फोन मुलीच्या हातात देऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी खाटेवर बसून ऐकत होतो. बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण 'परत उगवू शकते' एवढंच कानात राहिलं, आणि माझ्या लक्षात आलं, मी श्वास धरून बसलो होतो.