गव्हाणीभोवतीचं हिरवं

आईने पंधरा दिवसांपूर्वी परातीत पेरलेले गहू बोटभर वर आलेत. दर नाताळला ती या हिरव्यात येशूबाळाची गव्हाण मांडते. यंदा पुण्याहून आलेला माझा धाकटा भाऊ परातीकडे बघत म्हणाला, "आई, बायबलमध्ये पंचवीस डिसेंबर कुठंच नाही. सण करा, असंही प्रभूने सांगितलेलं नाही."

गव्हाणीपाशी मांडायचे मातीचे मेंढपाळ पुसता पुसता आई म्हणाली, "मग यांना तरी कुणी सांगितलं होतं, जा म्हणून?"

मी शुभवर्तमान उघडून पाहिलं. खरंच की! देवदूताने मेंढपाळांना बाळ जन्मल्याची बातमी दिली, खूण सांगितली. 'जा' म्हणालाच नाही. ते आपणहून बाळाला बघायला निघाले, तेही घाईघाईने.

नसू दे तारीख, नसू दे आज्ञा. आनंदाची बातमी ऐकूनही घराबाहेर पडायला ज्याला लेखी हुकूम लागतो, त्याने खुशाल बसावं घरात. आम्ही गहू पेरणार, करंज्या तळणार, दारात चांदणी लावणार.

आईने एक मेंढपाळ भावाच्या हातात दिला. "याला कुठं ठेवायचं, तेही लिहिलेलं नाही. तूच ठरव."

तो जरा घुटमळला. मग त्याने मेंढपाळ गव्हाणीला अगदी खेटून ठेवला.