आठ विरुद्ध भिमाजी

चूक सगळी रंगराव प्राध्यापकांची. सत्तावन्न सालच्या एका सकाळी चिंचवड स्टेशनावरून भाड्याची सायकल हाणत ते चिखलीला पोचले आणि विहिरीवरच्या बायकांना नको इतक्या शुद्ध मराठीत म्हणाले, "भिमाजी कुठे राहतात? त्यांच्या मनाची तपासणी करायची आहे." सायकल भिमाजींच्या दारात टेकेपर्यंत गावभर झालं होतं, की पुण्याचा डॉक्टर भिमाजीला येरवड्याला न्यायला आलाय.

रंगराव डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकवत. ज्यूरीवर बसलेली माणसं निकाल देताना पुरावा किती बघतात आणि त्यांचा स्वभाव किती बोलतो, हा त्यांचा अभ्यास. पुण्याच्या कोर्टात दरोड्याच्या एका खटल्यात आठ ज्यूरर 'दोषी' म्हणाले आणि नववे भिमाजी 'न्हाई' म्हणाले. बहुमतानं आरोपी आत गेला. भिमाजींचं 'न्हाई' मात्र अजून बाहेर हिंडत होतं.

हा माणूस पहिल्यापासून तसलाच. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं थांबवून त्यानं विचारलं होतं, "पोरीला इचारलंय का कुणी?" त्या पोरीनं, म्हणजे गोजाबाईंनी, पुढं जन्मभर ऐकवलं, "तवा खरंच इचारलं असतं, तर न्हाई म्हनले असते!"

भिमाजींचे चुलतभाऊ सोपानराव यांनी संधी साधली. तपासणी घरात नको, पारावर होऊ द्या म्हणाले. "उद्या माज्या बांधाचा तंटा पंचाम्होरं हाय. खुळा मानूस पंचात चालंल व्हय? मास्तर, तुमीच काय ते सांगा."

म्हणजे भिमाजींची पंचातली जागा आता रंगरावांच्या पिशवीत! त्यांनी घाम पुसत शाईच्या डागांचं पहिलं कार्ड काढलं.

"यात तुम्हाला काय दिसतं?"

"शाई सांडलीया."

"आणखी काही?"

"सांडनाऱ्याला कुनी बोललं न्हाई, त्येबी दिसतंय."

पार हसला. रंगरावांनी घाईनं प्रश्नावली उघडली. "चारचौघांपेक्षा तुमचं मत वेगळं पडलं, तर तुम्हाला बेचैन वाटतं का?"

"मला कशाला? चारचौघांस्नी वाटतंय. म्हनून तर तुमास्नी बसवलंय हितं."

रंगरावांनी पेनाला टोपण लावलं. "भिमाजीराव, कोर्टात तुम्ही 'नाही' का म्हणालात?"

"आमच्या पारावर ज्याच्या बाजूनं कुनी न्हाई, त्याच्या शेजारी एक जन जाऊन बसतो. त्याला पटवल्याबिगर निकाल न्हाई. त्या पोराच्या शेजारी कोन व्हतं? सरकारनं दिलेला वकील जांभया देत व्हता. मग मी बसलो, मनातल्या मनात."

"आणि बाकीच्यांनी तुम्हाला पटवलं नाही?"

"त्यास्नी घरी जायची घाई व्हती."

रंगरावांनी प्रश्नावली उलटीसुलटी केली. तीत हट्टी होता, भित्रा होता, दयाळू होता. शेजारी जाऊन बसणारा कुठंच नव्हता.

"लई झालं पुरान!" सोपानराव उठले. "भिमाजीला पंचातनं काढा म्हननाऱ्यांनी हात वर करा."

एकेक करत हात वर गेले. खाली राहिले ते मागं उभ्या गोजाबाईंचे, पण बायकांचे हात मोजायची पारावर रीत नव्हती. भिमाजी मान ताठ ठेवून बसले होते. कुणाकडं बघितलंसुद्धा नाही.

रंगराव उठले. सगळ्यांना वाटलं, निघाले. त्यांनी धोतर सावरलं आणि ते भिमाजींच्या घोंगडीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"बोला सोपानराव," ते म्हणाले. "पटवा मला."

"आवं, तुमी परगावचे!"

"परगावच्यानं बसू न्हाई, असं कुटं हाय?" मागून गोजाबाई कडाडल्या. "डॉक्टर म्हनून बसवलात तवा गावचा व्हता व्हय?"

सोपानरावांनी ऊन डोक्यावर येईपर्यंत पटवलं. भिमाजी मोठ्यानं बोलतात, भिमाजींचं पंचाशी पटत नाही, भिमाजींचा बैलसुद्धा आडमुठा आहे. रंगराव दर वेळी "पुढे?" म्हणत. एकेक हात भाकरीच्या आठवणीनं खाली आला, माणसं पांगली, आणि सोपानरावही शेवटी उपरणं झटकून "बसा तुमी दोघं!" म्हणत निघून गेले. पंचातली जागा होती तिथंच राहिली.

रंगरावांना आपला भलताच अभिमान वाटला. घोंगडी झटकणाऱ्या भिमाजींना त्यांनी हळूच विचारलं, "मी शेजारी येऊन बसलो नसतो, तर काय केलं असतं तुम्ही?"

"एकटा बसलो असतो."